झांजा कुठे गेल्या

मामा तबकड्या कापत. कुणी टेपवर संगीत आणलं की ते मशीनच्या सुईने लाखेच्या चकतीवर कोरायचं, मग कारखान्यात तिच्यावरून प्रती निघत. चाळीस वर्षं हेच काम. खोलीत आवाजाचा आलेख दाखवणारा स्क्रीन नावालाही नव्हता. "स्क्रीन बघून कापणाऱ्यांनी कान गहाण ठेवलेत," असं ते येईल त्याला ठणकावून सांगत.

भाचीने आपला पहिला टेक्नो अल्बम, म्हणजे सगळं यंत्रांवरच वाजवलेलं संगीत, साहजिकच त्यांच्याकडे आणला. भंगारातून उचललेली ड्रम-मशीन, खरखरणारा सिंथेसायझर, सगळं एका दमात टेपवर घेतलेलं. चार वर्षं ती या एका गोष्टीमागे हात धुऊन लागली होती.

"मामा, कच्चंच ठेव हं. घासूनपुसून चकचकीत करू नकोस."

"मला शिकवतेस?" मामा म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी टेप लावली. ठोका खणखणीत, बास तर टेबल हलवणारा. पण झांजा कुठे होत्या? ड्रम-मशीनची ती वरची सळसळ औषधालाही नव्हती. कच्चं म्हणजे इतकं कच्चं? मामांना हसू आलं. पोरीचं हसं होऊ नये म्हणून त्यांनी वरच्या सुरांची चावी फिरवली. थोडी. अजून थोडी. झांजा लांबून कुजबुजायला लागल्या तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. चकती कापली आणि आतल्या रिकाम्या कडेवर नेहमीची खूण कोरली, तीन बारीक रेघा. त्यांच्या हातच्या प्रत्येक तबकडीवर ती असे.

तीन आठवड्यांनी कारखान्यातून चाचणीची प्रत आली. दुपारी भाची धावतच आली, मामीही हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. मामांनी ऐटीत सुई टेकवली, डोळे मिटले आणि पायाने ताल धरला. झकास! त्यांनी डोळे उघडले.

भाचीने दोन्ही कान गच्च दाबले होते. मामी दाराबाहेर पळाल्या होत्या.

"बंद कर!" भाची ओरडत होती. "मामा, बंद कर ना!"

त्यांनी सुई उचलली. "काय झालं?"

"काय झालं? पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं किंचाळतंय! तुला..." ती मध्येच थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मामा, तुला ऐकू नाही आलं?"

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. दारातून मामी हळूच म्हणाल्या, "अहो, किटलीची शिट्टीसुद्धा तुम्हाला ऐकू येत नाही. मी सांगायला गेले की तुम्ही माझ्यावरच डाफरता."

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"दोन वर्षं तरी झाली."

दोन वर्षं. मागे एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, जरा टोचतंय हो. मामांनी त्याला हसून वाटेला लावलं होतं. ते परत आलंच नाही.

"माझं राहू दे, मूळ टेप आहे," भाची रडवेली होऊन म्हणाली. "पुन्हा कापू. मी शेजारी बसते."

मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. कापलेल्या प्रत्येक तबकडीची एक प्रत ते फळीवर ठेवत, त्या फळीकडे ते बघत होते. दोन वर्षांच्या एकोणीस तबकड्या, एकोणीस जणांची मेहनत, प्रत्येकीवर तीन रेघा. त्यांनी पहिली ओढून काढली आणि भाचीपुढे धरली.

"ही लाव," ते म्हणाले. "आणि मला खरं सांग."