उकळलेला पट्टा

भांडुपला टेकडीच्या अंगाला, लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर जयवंत आणि रुक्मिणी राहत. रुक्मिणीचे गुडघे असे की ती जिना उतरू लागली की तळमजल्यावरचं कुत्रं फाटकाशी येऊन उभं राही, आणि ती खाली पोचेस्तोवर त्याची एक झोप होऊन जाई. जयवंत सांगे तेव्हा तेवढ्या वेळात त्याला पिल्लंही होत.

"अहो, तो कुत्रा आहे, कुत्री नव्हे."

"तेवढा वेळ लागतो गो तुला."

पण हसण्यावारी न्यायचे दिवस सरत आले होते. हृदय अधू, म्हणून डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनला साफ नकार दिलेला. जिना सुटला की रुक्मिणीचं जग दोन खोल्यांचं होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अशात अंधेरीच्या एका छोट्या कंपनीतून गंधाली नावाची मुलगी गुडघ्याला घालायचे दोन पट्टे घेऊन आली. कापडातच चांदीचा मुलामा दिलेलं सूत विणलेलं, बाजूला काडेपेटीएवढी बॅटरीची डबी. बटण दाबलं की कापड ऊब धरणार.

"महिनाभर वापरून बघायचं, आजी. तुमच्या गुडघ्यात हाडांमधली थोडी गादी अजून शिल्लक आहे, म्हणून तुम्हाला चाचणीत घेतलं. धुवायचे तर डबी काढून, गार पाण्यात. आणि काही बिघडलं तर लगेच फोन. माझ्याकडे दुसरा जोड आहे."

जयवंतने पट्टा चिमटीत धरला, उजेडाकडे केला, नाकाशी नेला. कापडगिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली तरी साचेखात्यात मागावर घडलेली त्याची बोटं रिटायर झाली नव्हती.

"वीण बरी आहे. पण खळ आहे याला, सुताला लावतात ती."

"खळ नाही ओ आजोबा, हे कापडच कडक असतं."

जयवंत नुसता हसला. जिने उभ्या जन्मात साचा पाहिला नाही तिने त्याला खळ शिकवावी! कोरं कापड खळ काढल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, हा त्याच्या घरचा कायदा. लग्नातला शालूही त्यातून सुटला नव्हता.

गंधाली गेली, रुक्मिणी दुपारची आडवी झाली. जयवंतने डब्या काढल्या, पातेल्यात पाणी उकळलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि पट्टे दोन तास रटरटवले. मग पिळून पंख्याखाली वाळवले. कापड लोण्यासारखं मऊ झालं, फक्त चांदी काळवंडली होती.

संध्याकाळी रुक्मिणीने पट्टे चढवले. डबीवरचा हिरवा दिवा लागला, कापड मात्र गारच राहिलं. जयवंतने बटण पुन्हा दाबून पाहिलं.

"ऊब लागतेय काही?"

रुक्मिणीने तळहात कापडावर ठेवला, तसा तोच बोलत सुटला. "ही ऊब तव्यासारखी नसते गो. आधी हाडात शिरते, मग मांसात. कातडीला सगळ्यात शेवटी कळतं."

रुक्मिणी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येतेय थोडी."

फोन उद्या करू, असं त्याने ठरवलं. पण चार-चार साचे चालवलेल्या माणसाने कालच्या पोरीला काय सांगायचं, कापड नासवलं म्हणून? दुसऱ्या दिवशी रुक्मिणी पिशवी घेऊन उभी राहिली. "भाजी मी आणते. चालतंय आता." दीड तासाने कोथिंबीर घेऊन परत आली. रोजच जाऊ लागली. उशीर का, तर भाजीवालीशी गप्पा. जयवंतला वाटलं, एखादी तार जिवंत असेल. आपली थाप आपल्यालाच पटू लागली.

महिन्याने गंधाली आली, डबी फोनला जोडली आणि पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले.

"आजी, पट्टे रोज चालू केलेत तुम्ही. पण पहिल्या दिवसापासून एकदाही तापलेले नाहीत."

तिने गुडघे पाहिले आणि दोघांना रिक्षाने मुलुंडला नेऊन एक्स-रे काढून घेतले. डॉक्टर म्हणाले, सुजेवर रोज जिना चढल्या-उतरल्यात, होती ती गादीही गेली. आता पट्ट्याने काही व्हायचं नाही. दुसरा जोड गंधालीच्या पिशवीतच राहिला.

शेजाऱ्यांनी रुक्मिणीला खुर्चीत बसवून वर आणलं. सगळे गेल्यावर जयवंत म्हणाला, "मी ते उकळले होते."

"माहीत आहे. त्या दिवशी बोटं काळी होती तुमची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रोज वर आले की वाटायचं, आज सांगतील. लगेच फोन करू."

तिने पिशवी पुढे केली. "भाजी संपलीये."

नाक्यावरच्या द्रौपदी भाजीवालीने पिशवी ओळखली. "आज आजी नाय आल्या?"

"नाही. यायच्या नाहीत आता."

द्रौपदीने कोथिंबिरीची जुडी झटकली आणि शेजारच्या उलट्या क्रेटकडे बोट दाखवलं. "रोज तासभर हितं बसायच्या. मी म्हनायची, आजी, इतकं दुखतंय तर येता कशाला? म्हनायच्या, मी जिना उतरले की घरात ह्यांना बरं वाटतं."