हाडावरचा हात

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खांद्याला नुसतं साबण-पाणी लावा, घासू नका, असं दवाखान्याच्या कागदावर ठळक लिहिलं होतं. मालसुनने तो वाचला, घडी घातली आणि पिशवीत कोंबला. बुसानच्या त्या हमामखान्यात एकतीस वर्षं निम्म्या वस्तीचा मळ जिने काढला, ती बाई डॉक्टरांपुढे मळकट अंगाने आडवी होणार? छे! शिवाय नंतर सहा आठवडे हात झोळीत. तोवर धड अंघोळसुद्धा नाही.

लोकांची अंगं घासून घासूनच तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी तुटली होती आणि दिवसेंदिवस आत सरकत चालली होती. "या महिन्यात शिवली तर शिवली," डॉक्टर मिन म्हणाले होते. "आणखी मागे गेली की टाका धरणार नाही." म्हणजे हात गेलाच. आणि हात गेला की भिंतीकडचा तिचा बाकही गेला, ज्यावर गिऱ्हाइकं पालथी पडत.

तिच्या मागे सहा महिने तो बाक कुम्रे सांभाळणार होती. कुम्रे चाळिशीची, कष्टाळू, तोंडाने गोड. मालकाने महिनाभर आधीच तिला मालसुनच्या हाताखाली दिलं होतं. मालसुनने शिकवलं की! गिऱ्हाइकाला गरम पाण्यात किती वेळ भिजू द्यायचं, हिरवा खरखरीत हातमोजा कसा पिळून हातात चढवायचा, पाठीवर जोर कसा टाकायचा, सगळं शिकवलं. एक सोडून. हाड जिथे वर येतं तिथे बोटं सैल सोडून नुसता तळवा फिरवायचा, हे तिने पोटात ठेवलं. सगळंच देऊन टाकलं तर परत आल्यावर आपल्याला विचारतंय कोण?

"चल कुम्रे, आज मला घास," ती बाकावर पडत म्हणाली.

"ताई, उद्या ऑपरेशन ना तुमचं? चालतं का असं?"

"तू कधीपासून डॉक्टर झालीस गं? चढव मोजा."

कुम्रेने पाठ घेतली, दंड घेतले. मालसुनचं पालथ्या पालथ्या चालूच होतं. "बाळाला थोपटतेस का काय? दे की जोर!" कुम्रेला ते झोंबलं. ती खांद्याच्या मागच्या हाडावर आली आणि पाठीवर द्यावा तसाच दणदणीत जोर तिने तिथेही दिला. आग आग झाली. कातडी सोलली हे मालसुनला त्याच क्षणी कळलं. थांब म्हणायचं सोडून तिला बरंच वाटलं. गिऱ्हाइकं अशीच कळवळून उठतील आणि माझी वाट बघत बसतील. ती गप्प राहिली. उठल्यावर वर तोंडभर हसून तिने कुम्रेला, अंघोळीनंतर सगळे पितात ती, केळ्याच्या स्वादाच्या दुधाची बाटलीही दिली.

सकाळी ती उपाशीपोटी दवाखान्यात आली, सोबत रजा काढून आलेली लेक सॉनजू. नर्सने अंगरख्याची गाठ सोडली आणि तिचे हात थबकले.

"मावशी, हे काय?"

"कुठे काय?"

"सालटं निघालीत खांद्यावरची."

"अंघोळ करताना जरा घासलं असेल."

"मीही याच गावची आहे, मावशी. घासून घेतलंत ना?"

मालसुनने मान खाली घातली. नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकेना. बाहेरून कुणाची तरी गाडी ढकलत नेली, चाकं कुरकुरली. पाठवतील का घरी? एवढ्याशा सालट्यासाठी?

डॉक्टर मिन आले, वाकले आणि हात न लावता बराच वेळ बघत राहिले.

"दुर्बीण नेमकी इथूनच आत घालायची होती. अशा कातडीतून गेलो तर जंतू थेट सांध्यात जातील. आज नाही करता येणार."

"डॉक्टर, पाया पडते तुमच्या!"

"नऊ दिवसांनी या. वाळलेलं असेल तर तेव्हाच घेतो. नसेल तर पुढची तारीख नव्या वर्षातली."

"आणि तेव्हा शिवता येईल?"

"खोटं कशाला सांगू? खात्री देता येत नाही."

डॉक्टर गेले आणि सॉनजूचा पारा चढला. "त्या कुम्रेला आजच्या आज हाकलायला लावते!" तिने हमामखान्याच्या मालकाला फोन लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली. एक वाजली, दोन वाजल्या. मालसुन ऐकत होती. नुसतं गप्प बसलं तरी बाकाची काळजी मिटणार होती. कालही ती अशीच गप्प बसली होती.

"ठेव तो फोन."

"आई, अगं तिने तुझा हात..."

"तिला हाडावर कसं घासायचं ते शिकवलंच नाही मी. मुद्दाम. आणि ती सोलत होती ना, तेव्हा मला कळत होतं. तरी मी मेलीने तोंड उघडलं नाही!"

सॉनजूने फोन खाली घेतला.

दुपारी मालसुन हमामखान्यात शिरली तेव्हा कुम्रे बाकावर पाणी ओतत होती.

"ताई? ऑपरेशन?"

"नाही झालं. पालथी पड."

"अं?"

"पड म्हणते ना!"

मालसुनने डाव्या हातात मोजा चढवला, दातांनी ओढून घट्ट केला. "हे पाठीवर. आणि इथे हाडावर आलीस की बोटं सोडायची. तळवा फक्त. कळला फरक?"

"कळला." मग कुम्रे बाकाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ताई, काल तुम्हाला लागत होतं?"

"हो."

"मग बोललात का नाही?"

नऊ दिवसांत खपली पडेल की नाही, दोरी शिवली जाईल की नाही, कोण सांगणार? हात परत आलाच नाही तर आपण हा बाक आजच हिला कायमचा देऊन टाकतोय, हे मालसुनला लख्ख दिसत होतं. तिला रडू आलं. ते तिने दाबलं नाही.

"जळत होते तुझ्यावर," ती म्हणाली. "आता दुसरा खांदा दे."