इथलं वाचता येत नाही

नणंद आणि भावजय एकाच ऑफिसात, एकाच डीबगरवर काम करत. दुसऱ्यांचे बिघडलेले प्रोग्राम मध्येच थांबवून ते नेमके कुठे चुकले हे दाखवणारा तो प्रोग्राम. नणंद तो लिहायची, वहिनी त्यात खोड काढायची. मला पगारच नणंदेच्या चुका काढायचा मिळतो, असं वहिनी घरी हसत सांगायची.

एके दिवशी वहिनी खुर्ची ओढून नणंदेशेजारी बसली. "तुझा डीबगर बंद पडतोय."

"कधी?"

"तपासायचा प्रोग्राम भलत्याच पत्त्यावर गेला की. जिथे मेमरीच नाही, तिथे."

नणंदेने पाहिलं, तर खरंच. पुढची सूचना वाचायला डीबगर त्या पत्त्यावर जाई, हाती काहीच लागत नसे, आणि तोही मान टाकी.

"पत्ताच खोटा असेल तर मी दाखवू काय?"

"पेशंट दगावला म्हणून डॉक्टरनेही प्राण सोडायचे का?"

पलीकडे बसलेले दोघं हसले. नणंदेला ते झोंबलं. तिने घाईघाईत दुरुस्ती केली: वाचता आलं नाही, तर ती जागा शून्यांनी भरायची. डीबगर बंद पडेनासा झाला.

वहिनीने तो चालवून पाहिला आणि पडद्यावरच्या शून्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "या शून्यांचा अर्थ काय?"

"काही नाही. तिथे काहीच नाही ना."

"पण शून्यांचीसुद्धा सूचना बनते. ही बघ, इथे बेरीज कर म्हणतेय. माणूस यावर विश्वास ठेवेल, दिवसभर इथेच चूक शोधेल. त्यापेक्षा बंद पडलेला परवडला. हा तर थापा मारतोय."

"तुला माझं काहीच पटत नाही, वहिनी. घरी तरी बरी वागतेस."

"घरी तू भाजी खारट केलीस तरी मी गिळते गं. हे बाहेरचे लोक कशाला गिळतील?"

नणंद उठून पाणी प्यायला गेली. ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिली. 'माहीत नाही' म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं. मीटिंगमध्ये कुणी अडचणीचं विचारलं की ती काहीतरी उत्तर द्यायचीच. लोक मान डोलवायचे, आणि तिला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहायची.

परत येऊन तिने शून्यं काढली. त्या जागी प्रश्नचिन्हं घातली आणि शेजारी लिहिलं: इथलं वाचता येत नाही. मग तिच्या लक्षात आलं, एवढ्यावर माणसाला सोडून देणं बरं नाही. प्रोग्राम इथे आला कुठून, याची खूण बहुतेक वेळा शाबूत असते. ती शोधून तिने खालच्या ओळीत दाखवली. या वेळी वहिनीने नुसती होकारार्थी मान हलवली.

नवी आवृत्ती बाहेर पडली. काही आठवड्यांनी दवाखान्यातल्या औषध सोडणाऱ्या पंपांचे प्रोग्राम बनवणाऱ्या एका बाईंचा निरोप आला. प्रश्नचिन्हं पाहून आधी धास्तावले, मग खालची ओळ वाचली आणि चूक तिथेच सापडली, असं त्यांनी कळवलं होतं.

नणंदेने तो वहिनीला दाखवला. वहिनीने तो सावकाश, दोनदा वाचला.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "आता इकडे बघ. फाइलचं नाव फार लांब असलं की खालची ओळ झाकली जाते."

"किती लांब?" नणंदेने विचारलं.