पाठमोरं बोलणं

दवाखान्यात न्यायच्या पिशवीत दोन गाऊन होते, एक टॉवेल, स्टीलचा पेला, सोनोग्राफीचा रिपोर्ट, आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स आणि एक कंगवा. रविवारी आईने ती भरली तेव्हा मी शेजारीच होते. मंगळवारी संध्याकाळी कामावरून अंजूरला घरी आले, तर रिकामी पिशवी खुंटीला लटकत होती.

"बाय, त्या डॉक्टरला फोन कर," आई म्हणाली. "गुरुवारचं ऑपरेशन नको सांग."

तिच्या पित्ताशयात खडे होते. दुखायला लागलं की ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. आता थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी कारण विचारलं.

"तुझ्या बाबाला दोनदा इचारलं, याल का संगती म्हनून. हो न्हाय की न्हाय न्हाय. भिंतीशी बोलल्यासारखं."

"मी येतेय ना."

"तू येशील, ते ठाव हाय मला. मी तुला कुठं इचारलं?"

बाबांबद्दल आमच्या घरात एक मत ठरलेलं होतं: ऐकायचं असेल तेव्हाच त्यांना ऐकू येतं. तीस वर्षं भिवंडीत कापडाचा लूम चालवून ते आता एका गोदामाच्या गेटवर बसतात. मी ज्या गोदामात माल तपासते, तिथे मागच्या महिन्यात भावनिक बुद्धिमत्तेवर दोन तासांचं ट्रेनिंग झालं होतं. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नका, न मागता सल्ला देऊ नका, शांत राहा. त्या हिशेबाने बाबांना पैकीच्या पैकी.

राग आला होता, पण भांडण्याआधी नीट बघायचं ठरवलं. जेवताना आई ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "आमटीत मीठ बरं हाय का?" बाबा जेवत राहिले. मग ती टोपली घेऊन वळली. "भाकरी?"

"अर्धी," बाबा लगेच म्हणाले.

बुधवारी सकाळी ते चहा पीत होते. टीव्ही बंद होता. मी त्यांच्या मागे उभी राहून रोजच्या आवाजात पाच साधे प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मिळालं. समोर बसून पाच विचारले, पाचही उत्तरं आली. मग शंका आली म्हणून आवाज न काढता फक्त ओठ हलवले: आज ड्युटी किती वाजता सुटते?

"सहाला. लूमवर असंच बोलायचो आम्ही. त्या खडखडाटात आवाज कोन ऐकतो?"

"बाबा, कान तपासून घ्यायला हवेत तुमचे."

"कान बरे हायत माझे. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता."

ते गेल्यावर मी मोरीत भांडी घासणाऱ्या आईला सगळं सांगितलं, ओठांचं सुद्धा. तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"पाठमोरी न्हाय तर कशी बोलू? मला भ्या वाटतं, असं त्यांच्या तोंडाकडं बघून सांगू? लगीन झाल्यापासून न्हाय सांगितलं."

"मग मी सांगते."

"तू सांगितलंस तर पोरीनं सांगितलं म्हनून येतील. तसं नको."

मी बाबांना काही सांगितलं नाही. डॉक्टरांनाही फोन केला नाही.

संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन बसले. आईने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. बाबा ताटाची वाट बघत होते. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिचे ओठ हलू लागले. आवाज मात्र आला नाही.

मी एका बाजूला होते. मला तिचा फक्त गाल दिसत होता. ती बराच वेळ बोलली. मध्ये थांबली, पोटावर हात ठेवला आणि पुन्हा बोलू लागली.

"अगं येडे," बाबा त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही दोघी जाताय. बायकांचं बायका बघतील म्हनून मी गप."

आईचे ओठ हलले.

"मग, मला भ्या वाटत न्हाय व्हय?" बाबांनी विचारलं.

ती पुन्हा काहीतरी म्हणाली. त्यावर बाबा हसले, आणि मग तीही हसली.

"बरं," बाबा म्हणाले. "उद्या माझ्या जागी भूपेशला बसवतो गेटवर."

"शेवटी काय म्हणालीस गं?" मी विचारलं.

"तुला कशाला पायजे?" आई म्हणाली. हे तिने मोठ्याने सांगितलं.

गुरुवारी आम्ही तिघं एकाच रिक्षाने भिवंडीला गेलो. दुपारी नर्सने एक छोटी बाटली बाबांच्या हातात दिली. खडे चार होते. सर्वात मोठा सतरा मिलिमीटर.