रुमालाची गाठ

म्हाताऱ्या जेबेझ टपन कोळ्याने काठ्यांचा भारा उचलला आणि शेडबाहेर किनाऱ्यावरच्या गोट्यांत फेकला. पाठोपाठ किटली गेली, मग तंबूचं कापड.

"शेड माझी आहे, बाई. तुमची स्काउटगिरी दुसरीकडे न्या!"

पार्जिटरबाई शाळा सुटताच धावत आल्या होत्या. वेस्टहेवनात त्यांची स्काउटची तुकडी उभी राहून वर्षही झालं नव्हतं. बाईमाणसाने पोरांना कसली शिस्त लावायची, म्हणत चर्चच्या हॉलपासून कर्नलच्या तबेल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना वाटेला लावलं होतं. ही शेड गेली की तुकडी संपली.

"झालं तरी काय?"

"काय व्हायचं राहिलंय? पहाटे होडी काठाला लावली. भरती चढली की आपसूक तरंगेल, म्हणून चहाला गेलो. तुमच्या शहाण्यांना वाटलं, वाहून चालली! ओढत नेली पार भिंतीपाशी. येऊन बघतो तर ओहोटी लागलेली. समोर बांगडा उसळतोय आणि मी आपला हात चोळत उभा!"

बाईंच्या सगळं लक्षात आलं. सकाळी गळ्यातल्या रुमालाला गाठ मारायची, कुणाचं तरी भलं केल्यावरच सोडायची आणि काय केलं ते सांगत सुटायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. आज वर्गात सगळ्यांच्या गाठी सुटलेल्या पाहून त्या कौतुकाने हसल्या होत्या.

तेवढ्यात पोरं आली. सामान बाहेर पडलेलं पाहूनही कुणी रडलं नाही, थापा मारल्या नाहीत. काय पोरं होती ती! सगळ्यांत मोठा पर्सी एकहर्स्ट पुढे झाला.

"चूक आमची, मिस्टर टपन. बाईंना माहीतही नव्हतं."

"आणि गळ्यात त्या गाठी कसल्या?"

"कुणाचं भलं केलं की सोडायच्या. सकाळचं धरायचं नाही ना. म्हणून परत मारल्या."

"आणि उद्याही घोळ घातलात तर?"

"तर परवापर्यंत राहतील."

"फासावर निघाल्यासारखे दिसताय लेको," जेबेझ पुटपुटला. मग वाकून त्याने किटली उचलली आणि शेडमध्ये जागच्या जागी ठेवली. "पहाटे ढकलायला या. मी सांगितल्याशिवाय होडीला बोट लावायचं नाही!"

पहाटे होडी पाण्यात गेली. पर्सी गाठ सोडता सोडता थबकला. वल्ही मारणाऱ्या म्हाताऱ्याच्या मळक्या लाल रुमालालाही गाठ होती.

संध्याकाळी बाईंच्या दारात बांगड्यांची टोपली सापडली. कुणी ठेवली, विचारायला बाई किनाऱ्यावर गेल्या.

"मला काय विचारता?" जाळं आवरत जेबेझ खेकसला.

त्याच्या रुमालाची गाठ सुटलेली होती. बाईंनी पुढे काही विचारलं नाही.