फणीत आलेले केस
मी नीलमची फणी बोलतेय. लाकडाची, विरळ दात्यांची. रत्नागिरीच्या एका सुताराने मला घासून गुळगुळीत केलं आणि लग्नात नीलमच्या आईने मला तिच्या बॅगेत ठेवलं. तेव्हापासून मी मिरा रोडला, शांती नगरमधल्या दोन खोल्यांत राहतेय. नीलमची वेणी मनगटाएवढी जाड होती. विंचरताना माझी दमछाक व्हायची.

मग सलोनी झाली. तीन-चार महिने बरे गेले. एका सकाळी माझ्या दात्यांत केसांचा पुंजकाच आला. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा. नीलमने दाराकडे बघत तो कागदात गुंडाळला आणि कचऱ्यात खोल दाबला. सासूबाईंना, मनोरमाबाईंना, कळू नये म्हणून. त्या रोज डिंकाचा लाडू हातात देऊन म्हणायच्या, "बाळंतिणीचं नीट केलं की काही होत नाही." एवढं करूनही हिच्या अंगी लागत नाही, असं ऐकायची तिला भीती.

जास्वंदीचं तेल लावून झालं. भांग रुंदावतच गेला. शेवटी तिने मला हात लावणंच सोडलं. विंचरलं नाही तर गळणार नाहीत, असं तिला वाटायचं. मला मात्र धास्ती. सुटलेला केस माझ्यात आला नाही, तर कुठेतरी पडणारच. उशीवर, दुपट्यावर, सलोनीच्या कपड्यांत.

एका दुपारी सलोनी रडायला लागली ती थांबेचना. पोट दुखत असेल म्हणून मनोरमाबाईंनी बेंबीभोवती हिंग लावला. मीठमोहऱ्या ओवाळल्या. रडणं वाढतच गेलं. नीलमने तिचे कपडे उतरवले, पायमोजा ओढला आणि किंचाळली, "आई, बोट बघा!"

करंगळी लालबुंद, टम्म सुजलेली. बुडाशी बारीक काळी रेघ. नीलमचा केस बोटाभोवती आवळत गेला होता. नखाने निघेना. दोघी तशाच धावत सुटल्या. खालून नीलमचा आवाज आला, "भैया, जल्दी चलो ना!" मग रिक्षाचा आवाजही विरला. मी आरशाखाली एकटी.

परतल्या तेव्हा सलोनी खांद्यावर झोपली होती. पीसीओवरून फोन गेल्यामुळे उत्तम, तिचे बाबा, ऑफिसातून धापा टाकत आले.

"डॉक्टरीणबाईंनी बारीक कात्रीने केस कापला," मनोरमाबाई म्हणाल्या. "बोट वाचलं. उशीर झाला असता तर..."

"माझ्यामुळे झालं," नीलम म्हणाली. "केस गळतायत माझे, आई. मी लपवलं."

मनोरमाबाईंनी मला उचललं. "बस इथे."

मी हळूहळू केसांतून उतरले. पुंजके येत राहिले. नीलमने डोळे गच्च मिटले.

"डॉक्टर काय बोलल्या ऐकलंस ना? बाळंतपणानंतर असे गळतात. वर्षभरात येतात परत."

"आणि नाही आले तर?"

मनोरमाबाईंचा हात थांबला. "उत्तमच्या वेळी माझा अंबाडा सुपारीएवढा झाला होता. मीपण कुणाला सांगितलं नव्हतं गं."

आता सलोनी रांगतेय. नीलमच्या कपाळावर बारीक नवे केस उभे राहिलेत. जुने अजून गळतायत, आणि माझ्यात दिसले की तिचा चेहरा उतरतो. बायांनो, घाबरा, रडा, पण फणीशी अबोला धरू नका. सुटलेले केस मला द्या.

हल्ली सकाळी नीलम आधी सलोनीच्या हातापायांची बोटं एकेक करून बघते. मगच मला हातात घेते.