झाडूवाल्याची रोजनिशी

रक्त-तपासणीच्या प्रयोगशाळेत त्या सोमवारी सकाळी साठेक माणसं उपाशीपोटी उभी होती आणि एकही जण भांडत नव्हता. एरवी रिकाम्या पोटी माणूस खुर्चीशीसुद्धा भांडतो. पण आज फुकटात चमत्कार बघायला मिळणार होता, त्यामुळे सगळ्यांची भूक मेली होती.

"यंत्रालाही मन असतं!" कॉम्प्युटर बरा करायला बोलावलेले यंत्रवैद्य खर्जात म्हणाले. हातात तांब्याचं कडं, खांद्याला रेशमी पिशवी. "स्मृती मलिन झाली की यंत्र रुसतं. मी त्याचा रुसवा काढतो. कर्मचारी मंडळी, कीबोर्डवरचे हात उचला, डोळे मिटा. सात मिनिटं! जो डोळे उघडेल त्याच्या डोळ्यांत यंत्राचा दोष उतरेल. आणि त्या बाईंना बाहेर उभं करा."

त्या बाई म्हणजे नोंदणीच्या खिडकीवर अकरा वर्षं बसणारी खिडकीताई. गेले तीन महिने कॉम्प्युटर मधूनच थिजायचा. पडद्यावरचं रुग्णाचं कार्ड हलायचं नाही, रांग वाढायची. आणि थिजायचा तो बहुतेक वेळा हिच्याच पाळीत. रक्त काढणाऱ्या बुवांना सगळे लाडाने 'डास' म्हणत, त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "पांढऱ्या पायाची आहे हो!" झालं, शिक्का बसला. ती आली की माणसं आधी तिच्या चपलांकडे बघू लागली.

ती दाराबाहेर उभी राहिली. आत कापडी पडद्यामागे वैद्यांची गुणगुण चालली होती. सात मिनिटांनी ते घाम पुसत बाहेर आले, आणि मिनिटभर रखडणारं कार्ड चुटकीसरशी उघडलं. टाळ्या पडल्या. मोठ्या डॉक्टरांनी तर हात जोडले. रक्तातली साखर मोजल्याशिवाय गोळी लिहून न देणारा हा माणूस; पण कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांनी मोजमाप गुंडाळून ठेवलं होतं.

गुरुवारी यंत्र पुन्हा अडलं. या वेळी थिजलं नाही, सपशेल आडवंच झालं. डासबुवांनी बटण दाबून ते कसंबसं उठवलं. वैद्यांचा निरोप आला: दोष मुरलेला आहे, वर्षभर दर सोमवारी शुद्धी करावी लागेल आणि त्या बाईंना खिडकीवरून हलवावं लागेल.

"माझा नाइलाज आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "सोमवारची शुद्धी झाली की तुम्ही तळघरात जुन्या फायली लावायला बसा."

घरी येऊन ती ढसाढसा रडली. त्या खिडकीवर तिचा जीव होता. कोणाची सून बाळंत झाली, कोणाची साखर उतरली, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळायचं. तळघरात काय, झुरळांची विचारपूस करायची?

धाकटी नणंद प्रोग्राम लिहिण्याच्या नोकरीत होती. तिने चहा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "वहिनी, रडून झालं असेल तर एक सांग. कधी कधी थिजलं, ते लिहून ठेवलंयस?"

"ठेवलंय. रजिस्टरच्या मागच्या पानावर."

नणंदेने पान वाचलं. "तू तासाला किती कार्डं उघडतेस?"

"साठ तरी."

"आणि दुपारी तुझ्या जागी डासबुवा बसतात, ते?"

"पंधरा. मधे चहा असतो ना त्यांचा."

"अगं, मग हा पायगुण नाही, हातगुण आहे! प्रोग्रामच्या भाषेतच एक झाडूवाला असतो. ठरावीक पसारा साठला की तो येतो, एकेक वस्तू उचलतो आणि विचारतो, हिला कुणी धरलंय का? धरलं नसेल तर तो कचरा. धरलं असेल तर परत जागेवर. आणि त्याचं विचारून होईपर्यंत बाकीच्यांनी गप उभं राहायचं."

"म्हणजे सासूबाई फरशी पुसताना आपल्याला पाय वर घेऊन बसवतात, तसं?"

"अगदी तसंच. तू भराभरा कार्डं उघडतेस, म्हणून तो तुझ्या पाळीत जास्त वेळा येतो. पण त्याला एवढा वेळ का लागतो, ते बघायला हवं. त्याला रोजनिशी लिहायला लावता येते."

शनिवारी दुपारी मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढून दोघी यंत्रापाशी बसल्या. "बघा काय बघायचं ते," डॉक्टर म्हणाले, "पण सोमवारच्या शुद्धीत विघ्न नको."

नणंदेने रोजनिशी चालू केली. पानं कोरीच. तिने प्रोग्राम उघडला आणि खो खो हसत सुटली. पहिल्याच ओळीत हुकूम होता: झाडूवाल्याला रजा. ओळ घातल्याची वेळ गेल्या सोमवारची, आठ वाजून चार मिनिटं.

"तेव्हा तर सगळ्यांचे डोळे मिटलेले होते," खिडकीताई म्हणाली.

"म्हणूनच मिटायला लावले! प्रोग्राम बंद करून चालू केला की जुना पसारा आपोआप जातो. वर झाडूवाल्याला रजा दिली की थिजणंही थांबतं. दोन-तीन दिवस यंत्र सुसाट. मग खोली गच्च भरते आणि यंत्राचा जीव गुदमरतो. म्हणून तर दर सोमवारी यायचंय वैद्यबुवांना."

तिने रजा रद्द केली. रोजनिशी बोलू लागली: लाखो वस्तू उचलल्या, टाकल्या मूठभर. मग तिने एका जुन्या कार्डाला विचारलं, बाबा रे, तुला धरलंय कुणी? उत्तर आलं: 'अलीकडचे रुग्ण' नावाच्या यादीने. पुढच्याला विचारलं, तेच उत्तर. त्या यादीत नाव घालायची सोय होती, काढायची कुणाला सुचलीच नव्हती. प्रोग्राम बंद करून चालू केला तरी ती साठवलेली यादी पुन्हा सगळीच्या सगळी उघडायची. तीन वर्षांपूर्वीचा रुग्णही तिच्या लेखी अलीकडचाच. झाडूवाला बिचारा दर वेळी तेवढी सगळी कार्डं उचलून परत ठेवत होता, आणि ती रोज वाढत होती.

"धरून ठेवलेला कचरा त्याला दिसत नाही गं," नणंद म्हणाली. तिने यादीला शेवटच्या वीस नावांची मर्यादा घातली. चार ओळींचं काम. कार्डं झरझर उघडू लागली. खिडकीताईला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

"आता डॉक्टरांना सांगू या?"

"सांगून पटलं असतं तर अकरा वर्षांत तुझं एखादं पटलं असतं. दाखवू या."

सोमवारी पुन्हा गर्दी, पुन्हा कडं, पुन्हा खर्ज. फरक एवढाच, की रांगेचे नंबर दाखवणारा भिंतीवरचा मोठा टीव्ही नणंदेने यंत्राच्या पडद्याला जोडला होता. कर्मचाऱ्यांनी डोळे मिटले. उपाशी मंडळींचे मात्र सताड उघडे. पडद्यामागे गुणगुण सुरू झाली आणि टीव्हीवर अक्षरं उमटू लागली.

"हे काय लिहितायत?" साखर तपासायला आलेल्या एक निवृत्त शिक्षिका वर्गात विचारावं तशा कडाडल्या.

"प्रोग्राम बंद कर," नणंदेने अर्थ सांगितला. "आता, झाडूवाल्याला रजा. आता, प्रोग्राम चालू कर. झालं."

"एवढंच? मग उरलेली पाच मिनिटं काय करतायत?"

"गुणगुणतायत."

हशा पिकला. मोठ्या डॉक्टरांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि टीव्हीकडे बघतच राहिले. दोष काही उतरला नाही. उतरली ती धुंदी. वैद्य घाम पुसत बाहेर आले, तर टाळ्या नाहीत. शिक्षिकाबाईंनी चष्मा वर केला. "वैद्यबुवा, मंत्र पाठ आहे तुमचा. आमच्याही झाला. पुढच्या सोमवारी यायची तसदी घेऊ नका." बुवांनी पिशवी सावरली आणि पायांत चपला नीट न घालताच ते चालते झाले.

नणंदेने झाडूवाल्याची रजा पुन्हा रद्द केली, सगळ्यांना यादी दाखवली, रोजनिशी दाखवली. मोठे डॉक्टर खिडकीताईपाशी आले. "चुकलं माझं. आधी मोजायला हवं होतं. तुम्ही मोजलंत."

"मग मी तळघरात जाऊ का?"

"जागेवर बसा, बाई. माणसं उपाशी आहेत."

महिन्याभराने भर गर्दीत पडदा अचानक काळा झाला. आणि डासबुवा, हो, तेच डासबुवा, ओरडले, "कुणी कुणाच्या पायाचं नाव काढायचं नाही! आधी रोजनिशी बघा!"

खिडकीताई टेबलाखाली वाकली आणि लालबुंद होऊन वर आली. "रोजनिशी नको. या वेळी खरंच माझाच पाय. प्लग निघालाय."

खोलीभर हसू फुटलं. ती म्हणाली, "हसा, पण लक्षात ठेवा. पायाने प्लग निघतो, पायगुणाने निघत नाही. यंत्र अडलं तर वाकून बघायचं. डोळे मिटायला सांगेल त्याच्यासमोर तर दोन्ही उघडे ठेवायचे."

तिने प्लग लावला आणि पुढचा नंबर पुकारला.